दाखवा म्हणणाऱ्या बाई

बाईंची आठवण आली की मला आधी दिसतात त्या एका शाळेच्या रिकाम्या वर्गात, खुर्चीवर नुसत्या पायमोज्यांनी उभ्या. बूट खाली नीट जोडून ठेवलेले. तोंडावर मास्क, चष्म्यावर वाफ, आणि हात उंच करून त्या छतातल्या हवेच्या जाळीला टिश्यू पेपरची पट्टी चिकटवतायत. मी खुर्ची धरून उभा. मुख्याध्यापक दीड मीटर अंतर राखून दाराशी.

"यंत्र सुरू आहे ना?" बाईंनी डचमध्ये विचारलं.

"सकाळपासून सुरू आहे."

पट्टी सरळ खाली लोंबत होती.

"काका, हलतेय का हो? मला वाफेमुळे दिसत नाही." हे मला, मराठीत.

"नाही."

"नीट बघा. उगाच माणसावर आळ नको."

"अगं, नाही हलत. मेल्यासारखी लोंबतेय."

मुख्याध्यापकांना शब्द कळले नाहीत, सूर कळला. ते म्हणाले, "बिल आहे माझ्याकडे. काम पूर्ण झाल्याचं कंत्राटदारानं लिहूनही दिलंय. तुमच्याकडे पाठवलं होतं."

"मी दोन्ही वाचलं," बाई खुर्चीवरूनच म्हणाल्या. "बिलाला श्वास लागत नाही. इथे बसणाऱ्या मुलांना लागतो."

यंत्र गच्चीवर खरंच फिरत होतं. फक्त या वर्गाकडे येणारी नळी जोडायची राहून गेली होती. लबाडी कुणाचीच नव्हती. महामारीत निम्मे कामगार घरी पडून होते, कुणीतरी उद्या करू म्हणालं असेल आणि तो उद्या उजाडला नसेल. पण सरकारला कळवायच्या तक्त्यात त्या शाळेपुढे 'पूर्ण' असं लिहून झालं होतं. नळी जोडेपर्यंत बाईंनी तो शब्द पुढे जाऊ दिला नाही. आमचा टीमलीडर वैतागला. "एका नळीसाठी सगळं अडवायचं?" बाई म्हणाल्या, "एका वर्गासाठी."

हे काम काय होतं ते सांगायला हवं. आइंडहोवनच्या आसपासच्या एका लहान खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, मी बरीच वर्षं हिशेब विभागात काढली. गावाचं नाव घेत नाही, गावाचा दोष नव्हता. द हेगमधली मंत्रालयं ठरावीक कामांसाठी खेमेंटेला पैसा देतात. त्या काळात शाळांमधली हवा खेळती करायला दिला, धंदा बसलेल्यांना तगवायला दिला. खेमेंटे तो खर्च करते आणि वर्षाच्या शेवटी कुठे नि कसा गेला ते कळवते. बाहेरचे लेखापरीक्षक येऊन ते तपासतात. पण त्यांच्या आधी, आपण कळवतोय ते खरं आहे का, हे आतल्याच कुणीतरी बघायचं असतं. ते बघणाऱ्या म्हणजे बाई.

बाई मूळच्या सांगलीकडच्या. तिकडे असताना त्यांनी जिल्हा परिषदेची, पंचायतींची हिशेब तपासणी केली होती. नवऱ्याला इथे चिपच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा त्या डिपेंडंट म्हणून आल्या. जवळच्याच बेस्ट नावाच्या गावात घर घेतलं. घरात बसून त्यांनी डच शिकून घेतली, आणि ती त्या अशी बोलायच्या की व्याकरण एकदम चोख आणि सूर मात्र थेट मिरज स्टेशनावरचा. खेमेंटेत त्यांना कंत्राटावर घेतलं होतं. कंत्राट वर्षा-वर्षानं वाढत होतं आणि पुढच्या खेपेला कायम करू असं तोंडी सांगितलेलं होतं.

'लात झीन' हा त्यांचा मंत्र. म्हणजे दाखवा. कुणी सांगितलं, सगळ्या फायली तपासल्या, तर दाखवा. कुणी सांगितलं, संगणकावर बंदोबस्त आहे, कुणालाच स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करता येत नाही, तर करून दाखवा. एकदा आयटीच्या माणसाला त्यांनी असं करून दाखवायला लावलं आणि त्याच्या हातून स्वतःचाच अर्ज मंजूर झाला. तो लाल झाला. बाई म्हणाल्या, "अभिनंदन. आता दुरुस्त करा."

ऑफिसात ज्याचा वाढदिवस असेल त्यानं केक आणायचा, ही इथली रीत. बाई केक खायच्या नाहीत. "ज्याचं तपासायचं त्याचं खायचं नाही," हे त्यांनी तोंडावर सांगून टाकलेलं. डच लोकांना त्यातला स्पष्टपणा आवडला, पण केक न खाणं अजिबात आवडलं नाही. त्यांच्या स्वतःच्या वाढदिवसाला मात्र त्या डबाभर शंकरपाळे घेऊन आल्या आणि टेबलाटेबलावर फिरल्या. मी म्हटलं, "आम्ही तुझं खाल्लं तर चालतं वाटतं?"

"खा की. मला कोण तपासतंय?" आणि मग दोन पावलं पुढे जाऊन परत आल्या. "हा खरं म्हणजे मोठाच दोष आहे. वर कळवायला पाहिजे."

कळवलंही असेल त्यांनी.

सुपरमार्केटमध्ये आपणच माल स्कॅन करून बाहेर पडताना एखाद्याला मधेच थांबवून पिशवी तपासतात. बाकीच्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. बाईंचा चेहरा खुलायचा. पिशवी उघडून, पालक नि दही बाजूला करून, तिथल्या पोरीला त्या म्हणायच्या, "खालपर्यंत बघ हो. घाई करू नकोस." त्यांची मुलगी लांब जाऊन उभी राहायची. "ममा, प्लीज," एवढंच काय ते ती बोलायची, आणि तेही डच सुरात.

माझी नि त्यांची गाठ मी निवृत्त व्हायच्या वर्षभर आधी पडली. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. त्या मला 'मिस्टर' म्हणायच्या, मराठीत 'तुम्ही'. मला ते टोचायचं. एवढ्या लांब आल्यावर एक माणूस आपल्या भाषेतलं भेटतं, आणि ते मिस्टर म्हणतं.

मी म्हटलं, "काका म्हणत जा. तुझ्या वडिलांच्या वयाचा नसलो तरी काकाच्या वयाचा आहे."

त्या तयार होईनात. "नको हो. ऑफिसात नातं नको."

"नात्यानं काय बिघडतं?"

"तुमचं काही नाही. माझं बिघडतं. काका म्हटलं की मग दाखवा म्हणता येत नाही."

मला वाईट वाटलं आणि मी ते दिसू दिलं. दोन-चार दिवस जरा तुटक वागलो. शेवटी एका सकाळी कॉफीच्या यंत्रापाशी त्या म्हणाल्या, "काका, साखर?" मी खूश झालो. त्या दिवशी त्यांनी काय सोडून दिलं ते माझ्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल.

मी निवृत्त झालो आणि काही महिन्यांत महामारी आली. केस कापणारे, टॅक्सीवाले, लग्नात फोटो काढणारे, स्वतःचा लहान धंदा असलेले सगळे एकदम रिकामे झाले. सरकार म्हणालं, यांना ताबडतोब पैसे द्या, आम्ही खेमेंटेला भरून देऊ. अर्जांचा ढीग पडला. जुन्या माणसांना परत बोलावलं, त्यात मी. काम घरून, कधी बाईंबरोबर एखादी शाळा बघायला जायचं तेवढंच बाहेर. अर्ज एकानं मंजूर करायचा आणि दुसऱ्यानं उघडून बघायचा. चार डोळ्यांचा नियम म्हणतात त्याला. पहिले दोन डोळे तरुण पोरांचे, दुसरे दोन माझे. मी बघितल्याची खूण केली की पैसे सुटायचे. दुसरी तपासणी नीट होते आहे, असं वर्षअखेरीस सही करून सांगायचं काम बाईंचं.

पहिल्या टप्प्यात अर्जदाराच्या जोडीदाराची मिळकत बघायची नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडावर नियम बदलला, इथून पुढे बघायची. बाकीच्या सगळ्यांना बाईंनी हे मेलवर कळवलं. मला मात्र मी आधीच सांगून ठेवलं होतं, "मला ते डच मेल पाठवत जाऊ नकोस. डोळे दुखतात. भेटून सांगत जा." म्हणून आम्ही आठवड्यातून एकदा कालव्याच्या काठानं चालायचो. मधे दीड मीटर अंतर, दोघंही जरा ओरडून बोलायचो, सायकलवाले वळून बघायचे. त्या चालण्यात त्यांनी मला नियम सांगितला. मी बरं म्हणालो.

त्याच सुमाराला साताऱ्यात माझा धाकटा भाऊ गेला. विमानं बंद होती. पुतण्यानं मोबाइल धरला, त्यात मी भावाला शेवटचं पाहिलं. चित्र सारखं अडकत होतं. दुसऱ्या दिवशी संगणक उघडला तर समोर अर्जांची रांग. एक उघडला, अक्षरं दिसेनात. तो बंद करून नुसती खूण केली. मग पुढच्यावर केली. काहीच झालं नाही. पैसे सुटले, कुणाच्या तरी घरी गेले, बरं वाटलं. भावाच्या दुःखाचं मी निमित्त करतोय असं कुणाला वाटलं तर ते बरोबर आहे. कारण दुःख ओसरलं तरी मी फायली उघडल्या नाहीत. माणसं अडचणीत आहेत, त्यांच्या बायकांचे पगार कसले बघायचे, असं मी मनाशी म्हणायचो आणि चहा ठेवायला उठायचो. मला मी दयाळू वाटत होतो.

बाई दर चालण्यात विचारायच्या, "काका, दुसरी तपासणी व्यवस्थित चाललीय ना?"

"चाललीय."

"काही अडलं तर सांगा हं."

एवढंच. त्या क्षणी त्यांच्या ओठांवर काहीतरी यायचं आणि परत जायचं. मला ते दिसायचं. शब्द कुठला ते मला माहीत होतं, आणि तो बाहेर पडणार नाही हेही माहीत होतं. आयटीवाल्याला म्हणाल्या, मुख्याध्यापकांना म्हणाल्या, एकदा तर खुद्द महापौरांना म्हणाल्या. मला नाही म्हणाल्या.

पुढच्या वर्षी बाहेरच्या लेखापरीक्षकांनी आपल्या मनानं काही अर्ज काढून पाहिले. जोडीदाराला चांगला पगार असलेली कितीतरी घरं निघाली. मंत्रालय तो पैसा खेमेंटेला भरून देणार नव्हतं. खेमेंटेनं तो त्या लोकांकडून परत मागितला. एक केस कापणारी बाई आमच्याच गल्लीत राहायची. तिनं दुकान उघडल्यावर कितीतरी दिवस हप्ते फेडले. माझी दया तिला अशी पोचली.

टीमलीडरनं ऑनलाइन मीटिंग बोलावली. पडद्यावर चौकोनात तो, बाई आणि मी. त्यानं मला विचारलं, "जोडीदाराची मिळकत तपासायची, हे तुम्हाला कळवलं होतं?"

मी त्याच वेळी खरं बोलू शकलो असतो. माझं काय जाणार होतं? पेन्शन सुरू होती. महिन्याभरात मी परत घरीच बसणार होतो. पण शरम फार वाटली. मी म्हणालो, "मला तशी सूचना मिळाल्याचं आठवत नाही."

बाई मराठीत बोलल्या, अभावितपणे. "काका, कालव्यावर सांगितलं होतं की मी."

टीमलीडर म्हणाला, "कृपया डचमध्ये."

त्यांनी डचमध्ये सांगितलं. त्यानं विचारलं, "सगळ्यांना मेल गेला, यांना का नाही?" बाईंनी चष्मा काढला. काकांना मेल आवडत नाही, हे डचमध्ये कसं सांगणार? काका म्हणजे काय, तेच आधी सांगावं लागलं असतं. त्या म्हणाल्या, "मी तोंडी सांगितलं होतं. असं मला वाटतं."

असं मला वाटतं. हे शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. मी माइक बंद केला.

त्यांचं कंत्राट वाढलं नाही. वाईट शब्द कुणी वापरले नाहीत, इथे वापरत नाहीत. फुलं दिली.

आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात विषय निघाला. शाळेतल्या पट्टीची गोष्ट मीच पूर्वी रंगवून सांगितली होती, त्यामुळे सगळ्यांना ठाऊक होती. एकजण म्हणाला, "बाई जगाच्या पंख्याला कागद लावत फिरत होत्या, आणि घरचाच पंखा बंद!" मोठा हशा झाला. कुणीतरी म्हणालं, "काका, तुम्ही तर तिथेच होतात. खरं काय ते सांगा." मी तोंडात चकली घातली आणि हातानंच, जाऊ द्या, असं केलं. त्याचा अर्थ लोकांनी घ्यायचा तो घेतला. बाई त्यानंतर मंडळात आल्या नाहीत. म्हणून हे मंडळाच्या अंकातच लिहितो आहे. चकली खाताना जे बघत होते, ते हे वाचतील.

आता मी तिकडे ॲम्स्टरडॅमजवळ, उइटहॉर्नला, मुलीच्या जवळ राहतो. मागच्या वर्षी खरं काय ते सांगायला आधी खेमेंटेत फोन केला. टीमलीडर केव्हाच दुसरीकडे गेला आहे. त्याच्या जागी आलेल्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते वर्ष बंद झालंय, सर. आता त्यात काही बदलता येत नाही. तुमचा दिवस छान जावो." मग बेस्टला फोन केला. "या की," एवढंच बाई म्हणाल्या.

बेस्टचं स्टेशन जमिनीखाली आहे. सरकता जिना बंद होता, मी थांबत थांबत वर आलो. बाईंनी दार उघडलं. केस पिकले होते. एका रोपवाटिकेत त्या अर्धवेळ जातात. हिशेबाचं काम दोघा-तिघांनी देऊ केलं होतं, घेतलं नाही. ओट्यापाशी उभं राहून त्या मेथी निवडत होत्या. मला खुर्ची दिली.

मी पाणीसुद्धा न पिता बोलायला लागलो. "कालव्यावर तू मला नियम सांगितला होतास. मी ऐकला होता. आणि त्या फायली मी उघडल्याच नव्हत्या. नुसत्या खुणा केल्या."

त्यांचे हात थांबले. "परत सांगा."

मी परत सांगितलं.

"मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत? वय झालं की माणसं असं करतात. माझे सासरे करायचे."

"नाही गं."

"कुठे सांगितलं मी?"

"पुलाच्या अलीकडच्या बाकड्यापाशी. तू बसली नव्हतीस. बाकडं ओलं होतं."

"आणखी?"

"तू म्हणालीस, आता नवऱ्याचा पगारही बघणार, म्हणजे मी धंदा काढून बुडवला तरी मला एक सेंट मिळायचा नाही. आणि तुझी तूच हसलीस."

बाई अगदी हळू म्हणाल्या, "हे मी कुणाला तरी म्हणाले होते, तेवढं आठवत होतं. कुणाला ते सापडत नव्हतं. किती शोधलं. शेवटी म्हटलं, मनातच म्हणाले असेन. तेव्हापासून मी गॅस बंद केला तरी मुलीला विचारते, बंद केला का गं मी."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "थांबा."

ओले हात पदराला पुसावेत तसे त्यांनी टी-शर्टला पुसले, फोन उचलला आणि नवऱ्याला लावला.

"अहो, मीटिंगमध्ये आहात? असू दे, बाहेर या. आलात? ऐका. मी काकांना सांगितलं होतं. हो, तेच. काका इथे बसलेत समोर. ते ऐकून 'बरं' म्हणाले होते. नाही, रडत नाहीये मी. अहो, ऐका तर. तुम्ही मला त्या वेळी म्हणाला होतात, होते गं माणसाकडून चूक. त्यावरून कधी टोचून बोललात का मला? नाही बोललात. एवढ्या वर्षांत एकदासुद्धा नाही. एवढं सांभाळून घेतलंत. ते माफ केलेलं आता परत घ्या."

पलीकडून काहीतरी लांबलचक आलं.

"नाही, घरी आल्यावर नको. आत्ता म्हणा, परत घेतलं म्हणून. मोठ्यानं म्हणा, काकांनाही ऐकू दे." त्यांनी फोन स्पीकरवर टाकून मेथीच्या शेजारी ठेवला. "घाई नाही. मी थांबते."